पेशंट तयार नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या नोएडाच्या सोसायटीत एक तरुण वकील मुलगी आली आणि तिने मला सोडून माझ्या बायकोला निवडलं. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

निवड होती ती अशी. जगातले देश मिळून म्हाताऱ्या माणसांच्या हक्कांचा एक करार करू पाहताहेत. मुलांसाठी असा करार आहे, स्त्रियांसाठी आहे, अपंगांसाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी नाही. आमच्यासाठी नुसती चांगलीचुंगली तत्त्वं आहेत, आणि ती कुणी पाळली नाहीत तर त्याला जाब विचारायची सोय नाही. आता कुठे मसुद्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या आणि जिनिव्हाच्या एका बैठकीत ठिकठिकाणच्या साध्या म्हाताऱ्या माणसांची तीन-तीन मिनिटांची निवेदनं पडद्यावर दाखवायची होती. ही मुलगी त्यासाठी माणसं शोधत होती. मूळची पुण्याची, दिल्लीत वकिली करणारी. आम्हा साठीपुढच्या सगळ्यांना तिने क्लबहाउसमध्ये जमवलं होतं.

आता माझी बाजू ऐका. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली अठरा वर्षं आंतरराष्ट्रीय करारांची भाषांतरं तपासण्यात घालवली. एका हाताला इंग्रजी मसुदा, दुसऱ्या हाताला हिंदी भाषांतर, आणि मध्ये लाल पेन घेऊन मी. स्वल्पविरामाची चूक माझ्या हातून कधी सुटली नाही. त्या हॉलमध्ये करार म्हणजे काय, हे कळणारा माणूस माझ्याशिवाय दुसरा नव्हता. मी हात वर केला, उभा राहिलो आणि बंधनकारक तरतूद कशी लिहावी लागते, पळवाटा कुठे राहतात, देश सही करूनही अंग कसं काढून घेतात, यावर दहा मिनिटं बोललो. मुलगी मान डोलवत होती.

"काका, तुमचा एक्सपीरियन्स तर बिल्कुल वेगळ्याच लेव्हलचा आहे," ती म्हणाली, आणि वहीत एक अक्षरही लिहिलं नाही.

मग मागच्या रांगेतून माझी बायको बोलली. तिला हिंदी कधीच धड आलं नाही आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही. "हम होटल में जाता है ना, तो वो वेटर इनको पूछता है, आंटी क्या लेंगी? अरे, आंटी इधरच बैठी है. मुझे पूछो ना!"

सगळा हॉल हसला. मुलीचं पेन चालायला लागलं. मीटिंग संपल्यावर ती माझ्या खुर्चीवरून पुढे जाऊन थेट मागच्या रांगेत बायकोच्या शेजारी बसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या घरी येईपर्यंत झोंबत होत्या.

खरं सांगायचं तर बायकोवरून जळायची मला जुनी सवय आहे. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासूनची. शेजारी बंगाली कुटुंब, वर तमिळ, समोर ओडिया. सगळ्यांचे नवरे माझ्यासारखेच फायलींत बुडालेले. आम्ही नवरे एकमेकांना नमस्कारापुरते ओळखत होतो. ही मात्र आल्यापासून सहा महिन्यांत सगळ्यांच्या स्वयंपाकघरात पोचली. हिची ती दिल्लीभर फिरायची खोड. बसने, पायी, पिशवी खांद्याला. संध्याकाळी साडेसहाला मी घरी यावं तर दाराला कुलूप आणि चावी बंगाली वहिनींकडे. "भाभीजी तो करोल बाग गई हैं," त्या कौतुकाने सांगायच्या. मी चहा करून एकटा पीत बसायचो. ती आठला यायची, हातात साड्यांच्या पिशव्या आणि तोंडात गोष्टी. "तुम्हीही चला की एकदा," म्हणायची. मी म्हणायचो, मला ऑफिस असतं. रविवारी ऑफिस नसतं, हे तिने कधी तोंडावर म्हटलं नाही.

एकदा मी ऑफिसातून लवकर सुटलो होतो. रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर ती चार बायकांबरोबर उभी दिसली. काहीतरी बोलून ती इतकी हसत होती की तिला उभं राहवेना. एका बाईच्या खांद्याला धरून ती वाकली होती. मी रस्ता ओलांडला नाही. माझ्याबरोबर ती तशी कधी हसली नव्हती, आणि हे मला त्या दिवशी कळलं. नंतर कितीतरी दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होतो. तिने कारण विचारलं तर म्हणालो, काही नाही, कामाचा ताण आहे.

रिटायर झालो, मुलगा पुण्यात स्थिरावला, आम्ही नोएडाला आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आणि तिचे गुडघे गेले. आधी जिने, मग बाजार, मग मेट्रो, एकेक सुटत गेलं. करोल बागेत जायचं तिने शेवटी सोडूनच दिलं. रात्री झोपेत कूस बदलताना ती कण्हायची आणि मला वाईट वाटायचं. ते वाटणं खोटं नव्हतं. पण ती आता घरी असायची. सकाळी भाजी मी आणायचो, चहा मी करायचो, उन्हात बाल्कनीत आम्ही दोघं बसायचो. गोष्टी सांगायला तिच्याजवळ आता मीच होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली होती.

तर अशा घरात ती वकील मुलगी दर मंगळवारी यायला लागली. पहिल्याच मंगळवारी ती म्हणाली, "काका, प्लीज वाईट वाटून घेऊ नका, पण मला काकूंशी एकट्यांशी बोलायचंय. रूलच आहे आमचा. घरचं कोणी समोर असलं की माणसं मोकळं बोलत नाहीत."

"अच्छा, म्हणजे मी आता घरचा अडथळा," मी म्हणालो.

"अहो, जा ना जरा खाली. ऊन छान आहे," बायको म्हणाली.

मी खाली गेलो आणि बाकावर बसून आठव्या मजल्याकडे बघत राहिलो. अर्ध्या तासाने चष्मा विसरल्याचं निमित्त करून वर आलो. चष्मा माझ्या खिशातच होता. दार उघडलं तर दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला बघून दोघी गप्प झाल्या. मी चष्मा शोधल्याचं नाटक केलं आणि परत खाली गेलो. काय बोलणं झालं म्हणून रात्री जेवताना विचारलं, तर म्हणाली, "असंच. म्हातारपणाचं."

मग मीही गप्प बसलो नाही. त्या आठवड्यात बसून करारासाठी बारा पानी टिपण लिहिलं. पेन्शन, दवाखाने, बसमधल्या राखीव जागा, कोर्टातले खटले वर्षानुवर्षं चालतात ते; सरकारने काय-काय करायला पाहिजे ते सगळं. शिवाय बायकोसाठी तीन मिनिटांचं निवेदन वेगळं लिहिलं, तिला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात. तिने ते वाचलं. "छान लिहिलंय," म्हणाली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टिपणाबद्दल त्या मुलीनेही "थँक्यू सो मच काका" एवढंच कळवलं. करारावर अठरा वर्षं घालवलेल्या माणसाला बाजूला सारून, जिला करार आणि करारनामा यांतला फरक माहीत नाही, तिला जिनिव्हाला ऐकणार होते. मी दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणून कटकट केली. मीठ बरोबर होतं.

आणि मग एका सकाळी त्या मुलीचा फोन आला. "काका, एक काम होतं. काकूंचं स्टेटमेंट रेकॉर्ड झालं. मराठीतून बोलल्या त्या. मी इंग्लिश ट्रान्सलेशन केलंय, खाली सबटायटल्स म्हणून जाईल. तुम्ही एकदा चेक कराल का? तुमच्याइतकं ॲक्युरेट कोण करणार?"

मी कसा खूश झालो ते लिहायला लाज वाटते. शेवटी आले ना माझ्याकडे, असंच मनात आलं. तिने मूळ मराठी आणि भाषांतर दोन्ही पाठवलं. सोसायटीच्या गेटजवळच्या दुकानातून मी प्रिंट काढून आणले. टेबलावर डाव्या हाताला मूळ ठेवलं, उजव्या हाताला भाषांतर, ऑफिसात ठेवायचो तसंच, आणि लाल पेनचं टोपण काढलं. बायको बाल्कनीत मटार सोलत बसली होती.

तिचं निवेदन असं होतं.

"माझे गुडघे खराब आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं. मी एक्स-रेच्या खोलीबाहेर व्हीलचेअरवर होते. डॉक्टरांच्या खोलीत काय ठरतंय ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं नाही, माझ्या मिस्टरांना विचारलं. मिस्टरांनी कागदावर लिहून दिलं की पेशंट तयार नाही. मला बाहेर येऊन सांगितलं की या वयात नको, असं डॉक्टरच म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक्स-रे कपाटात ठेवताना पाकिटात मला त्या कागदाची प्रत सापडली. इंग्रजी मला थोडं येतं, आणि अक्षर तर ओळखीचं होतं. मी तयार होते. मला कोणी विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. ते आपणहून सांगतील म्हणून मी दोन वर्षं थांबले. ते वाईट नाहीत. भाजी आणतात, चहा करतात. पण पाय माझे आहेत. तुमच्या करारात मोठमोठं बरंच असेल. त्यात एवढंही लिहा, की ज्या बाईचे पाय, तिला आधी विचारा."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्या वेळेला मला काय वाटलं असेल? लाज नाही वाटली. मला त्या मुलीचा राग आला. दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून चहा प्यायली आणि ही गोष्ट तिने मला न सांगता कुठल्या कोण पोरीला सांगितली! मंगळवारी दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं ते यासाठी. मी पुन्हा जळलो. दुसऱ्यांदा वाचताना एकेक वाक्य त्या दिवसाशी ताडून पाहिलं.

सगळं अक्षरशः खरं होतं. डॉक्टर घाईत होते. "अंकलजी, क्या सोचा? करवाना है?" त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ऑफिसात फाइल बंद करायची असली की एक ओळ लिहायची आणि सही करायची, एवढंच मला आयुष्यभर माहीत होतं. मी 'पेशंट तयार नाही' अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत लिहिली आणि खाली सही केली. मिनिटभराचं काम. कुणी मला विचारलं नाही की पेशंट कुठे आहे. हाच तो हक्क. मुक्त आणि माहितीपूर्ण संमती, म्हणजे सगळं समजून आपल्या मर्जीने दिलेला होकार. अपंगांच्या कराराच्या भाषांतरात हे शब्द मी कितीदा तपासले होते, आणि हिंदीत ते बरोबर उतरलेत की नाही यावर सहकाऱ्यांशी तावातावाने भांडलोही होतो. माझ्या बारा पानी टिपणात मात्र त्यांचा पत्ता नव्हता. मला हक्क म्हटलं की सरकार दिसायचं.

तिसऱ्यांदा मी सवयीने दोन्ही कागद ओळीशी ओळ जुळवून वाचले आणि मला चूक सापडली. मराठीत तिने 'मिस्टरांनी' म्हटलं होतं. इंग्रजीत त्या मुलीने 'घरातल्या एका व्यक्तीने' केलं होतं. सगळीकडे. मी कुठेच नव्हतो.

मी फोन लावला.

"काका, ते मी मुद्दामच केलं," ती चाचरत म्हणाली. "तुम्ही वाचणार होतात ना. मला कसंतरी वाटलं."

"मग मला द्यायचंच कशाला?"

"काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, तपासायला यांच्याकडेच दे."

मी फोन ठेवला. तसंच सोडून दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. जिनिव्हात मला कोण ओळखतं? त्या मुलीने दयेपोटी मला वगळलं होतं, आणि मी नुसतं 'तपासलं' लिहून सही करायची होती. सही करायला तर मी कधीच वेळ लावला नव्हता. या वेळी मी प्रत्येक ठिकाणी ते शब्द खोडून वर 'माझ्या नवऱ्याने' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही.

बाल्कनीत गेलो. ती मटार सोलतच होती.

"तपासलं," मी म्हणालो.

"काही चुका होत्या?"

"एक होती. तिने घरातली एक व्यक्ती असं लिहिलं होतं. मी सुधारलं."

तिचे हात थांबले. मग तिने पुढची शेंग उचलली. "का केलंत तसं?" तिने विचारलं. ती सुधारलेल्या चुकीबद्दल विचारत नव्हती.

मी पुष्कळ कारणं तयार ठेवली होती, दोन वर्षं. भूल देण्याचा धोका, तिचं वय, तिला साखर आहे. त्यातलं एकही तोंडातून येईना. "तू परत चालायला लागली असतीस," मी म्हणालो.

"मग?"

"मग गेली असतीस. करोल बागेत, इकडे, तिकडे. त्या बायकांबरोबर. मी परत घरी एकटा."

मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्ही रोज सकाळी घराबाहेर पडत होतात. दारात उभी राहून मी डबा देत होते. मला नसेल वाटलं, आज जाऊ नयेत? पण मी तुमचे पाय बांधून ठेवले नाहीत."

मी तिच्यासमोर बसलो आणि मटार सोलायला लागलो. तिने मला नको म्हटलं नाही, पण शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलंही नाही.

निवेदन दाखवलं गेलं तेव्हा आम्ही ते त्या मुलीच्या ऑफिसात बसून लाइव्ह पाहिलं. बायको पडद्यावर साडी नीट करून, न अडखळता बोलत होती. देशोदेशीचे लोक कानाला यंत्र लावून माझ्याबद्दल ऐकत होते, आणि खाली इंग्रजीत माझी दुरुस्ती सरकत होती. मी मान वर केली नाही. तिचं बोलणं संपलं आणि तिथल्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. अठरा वर्षांत माझ्या एकाही ओळीवर कुणी टाळी वाजवली नव्हती. तेवढ्या शरमेतही हे माझ्या मनात आलं, आणि ते आलं म्हणून मी आणखी शरमलो. तो करार कधी होईल, आपला देश सही करेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. अशी कामं किती वर्षं रेंगाळतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

बायको मात्र करारासाठी थांबली नाही. पुढच्याच आठवड्यात तिने स्वतः फोन करून हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तेच डॉक्टर, तेच हॉस्पिटल. मी कॅबने बरोबर गेलो. नाव पुकारलं तसा मी सवयीने उठलो.

"तुम्ही बसा," ती म्हणाली आणि वॉकर घेऊन एकटी आत गेली.

दार लोटलेलं होतं, नीट लागलेलं नव्हतं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता आणि मधूनमधून तिचं ते मोडकंतोडकं हिंदी. एकदा डॉक्टर मोठ्याने हसले. पस्तिशीचा तरणाताठा माणूस, आणि माझी बायको त्याला काहीतरी सांगून हसवत होती. मी बाहेर खुर्चीत बसून त्याच्यावरही जळलो. माझं काही खरं नाही, हे तेव्हा मला पटलं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा थकलेला होता, पण मान ताठ.

"मी हो सांगितलं," ती म्हणाली. "आधी उजवा. पुढच्या महिन्यात."

"बरं."

"डॉक्टर विचारत होते, घरी बघायला कोण आहे? दीड-दोन महिने लागतात म्हणे. उठवायला, चालवायला, सगळं."

"मग काय सांगितलंस?"

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत सावकाश बसली, वॉकर पुढ्यात घेऊन. "म्हटलं, मिस्टर आहेत. पण त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारून सांगते."

मग ती माझ्याकडे वळली. "तर विचारते. जमेल तुम्हाला?"

हो एवढंच म्हणायचं होतं. पण आवाज फुटायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर ती थांबली.